ट्रंपेटवरचा चिमटा

विट्यात लालासाहेबांचा बॅन्ड नावाजलेला होता, आणि त्या बॅन्डमध्ये पहिला ट्रंपेट वाजवायचा तो नाथाजी. लग्नाची सुपारी द्यायला येणारी माणसं दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढताच विचारायची, "नाथाजी हाय न्हवं तुमच्याकडं?" तो आहे म्हटलं की मग पुढची बोलणी व्हायची.

तसं त्याचं घराणं मेंढरांमागचं, आटपाडीकडच्या माळावरचं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत माळावर यायचं, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. एकदा एका गावच्या जत्रेत लालासाहेबांच्या वडिलांचा बॅन्ड वाजत होता. नाथाजी तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. कोकरं सोडून तो ट्रंपेटसमोर जो उभा राहिला तो हलायलाच तयार नाही. म्हातारबुवांनी गंमत म्हणून वाद्य त्याच्या हातात दिलं. भल्याभल्यांचा पहिल्या दिवशी नुसता वारा जातो. ह्यानं फुंकलं आणि खणखणीत सूर निघाला. "पोटात वारा हाय रं तुझ्या," म्हातारबुवा म्हणाले, आणि त्याला बरोबर घेऊन गेले. बापानं थोडी कुरकुर केली. "मेंढरं काय फुंकून चरत्यात व्हय?" म्हणाला. पण अडवलं नाही.

तेव्हापासून नाथाजी पितळेचाच झाला. म्हातारबुवा गेले, लालासाहेब मालक झाले, नाथाजीचे केस पिकू लागले. त्याच्यामागं युफोनियम, ते मोठ्या तोंडाचं खर्जातलं पितळी वाद्य, वाजवणारा आकाराम त्याच्याएवढाच जुना. नाथाजीनं सूर धरला की बाकीचे त्याच्यामागून यायचे. क्लॅरिनेट असो की युफोनियम, कान नाथाजीकडं लावायचा आणि वाजवायचं. ह्यात कधी काही अडलं नव्हतं.

मग बॅन्डमध्ये की-बोर्ड आला. नव्वद सालानंतर सगळ्यांकडंच तो येऊ लागला होता. हातगाडीवर बॅटऱ्या, वर कर्णे आणि मध्ये की-बोर्ड घेऊन बसलेला वाजवणारा. लालासाहेबांनी तो आणला आणि वाजवायला रविराज नावाचा गावातलाच तरुण ठेवला. रविराज पेटी शिकलेला, बोटं चपळ, स्वभावानं जरा तिखट पण मनानं चांगला. नाथाजीला तो आल्याचं वाईट वाटलं नाही. उलट पहिल्या हिवाळ्यात, माघात, वाईला घाटावर एका सकाळच्या लग्नात दोघांची अशी काही जोडी जमली, की देवळातली माणसं बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

उन्हाळ्यात म्हसवडच्या लग्नात मात्र बिनसलं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघाला होता, श्रीवंदनाला. भर दुपार. नाथाजीनं नेहमीप्रमाणं गाणं उचललं आणि त्याला जाणवलं की काहीतरी खुपतंय. दाताखाली खडा यावा तसं. त्याचा सूर आणि की-बोर्डचा सूर शेजारी शेजारी चालले होते, पण एक होत नव्हते. वळून पाहिलं तर रविराज कपाळाला आठी घालून त्याच्याकडंच बघत होता.

लग्न लागल्यावर रविराज म्हणाला, "नाथामामा, जरा चढलाय तुम्ही आज."

"मी?"

"मग काय मशीन चढलं? ते कसं चढंल?"

नाथाजीलाही ते पटलं. खरंच, मशीन कसं चढेल? कारखान्यातून सूर बांधूनच आलेलं ते. माणूस चुकेल, यंत्र कशाला चुकतंय?

त्या उन्हाळ्यात तसं पुन्हा पुन्हा झालं. कधी थोडं, कधी फार. हिवाळा आला की सगळं सुरळीत व्हायचं आणि नाथाजीला वाटायचं, गेलं एकदाचं. उन्हाळ्यात लागोपाठ लग्नं असतात, अंग थकलेलं असतं, म्हणून होत असेल. पण पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आलं, आणि त्याच्या मनात एक भीती घर करून बसली. त्याच्या बापाला उतारवयात ऐकू येईनासं झालं होतं. आधी कोकरांचा आवाज कळेना, मग माणसांचा. बाप नुसता ओठांकडं बघत बसायचा. आपलंही तेच सुरू झालं, असं नाथाजीनं धरून ठेवलं. आणि बॅन्डमधली बाकीची पितळ त्याच्यामागून येणारी, म्हणजे तो चुकला की सगळे चुकणार. एकट्याच्या कानापायी मालकाचा बॅन्ड बदनाम होणार.

कुणाला न सांगता तो मिरजेला कानाच्या डॉक्टरकडं गेला. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानांवर हेडफोन लावले, बारीक बारीक आवाज ऐकवले. "कान ठणठणीत आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले. नाथाजी मान हलवून बाहेर आला. त्याचा विश्वास बसला नाही. खोलीतलं ऐकणं वेगळं आणि ताशाच्या शेजारी उभं राहून ऐकणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. आणि कान जर ठीक असेल तर ओठ गेला, छाती गेली; काहीतरी गेलंच.

तो हळू वाजवू लागला. गाण्याची पहिली ओळ क्लॅरिनेटवाल्यावर सोडू लागला. लालासाहेब बघायचे पण बोलायचे नाहीत, आणि ते न बोलणंच नाथाजीला जास्त लागायचं. लग्नातलं जेवण त्याला गोड लागेना. पानावर बसायचा, भात चिवडायचा आणि उठायचा.

बायको बयाबाई हे बघत होती. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "आवं, घरी वाजवायचं का बंद केलंय तुमी?"

"कटाळा आला."

"तुमाला? वाजवायचा कटाळा?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मला पाव्हण्यांनी सांगितलं. मागाच्या कारखान्यात राखणदाराचं काम बघताय म्हनं."

ते खरंच होतं. विट्यात यंत्रमागाचे कारखाने गल्लोगल्ली होते, आणि एका ओळखीच्यानं त्याला फाटकावर बसवायचं कबूल केलं होतं. खडाखड चालणाऱ्या मागांच्या शेजारी सुराची काही भानगडच नाही.

"लगीनसराई संपू दे," तो म्हणाला, "मग मालकाला सांगतो. माजा कान गेला, बया."

तिनं भाकरी उलटली. "मग मी आता हळू बोलले ते कसं कळलं तुमाला?" म्हणाली. पण त्यानं मान फिरवली होती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. त्याच आठवड्यात रविराजच्या बहिणीचा नवरा गावी आला. तो बोटीवर कामाला, देशोदेशी फिरणारा. रविराजनं त्याला मागच्या खेपेलाच सांगून ठेवलं होतं, आणि त्यानं जपानच्या बंदरातून एक वस्तू आणली होती. ती घेऊन रविराज बॅन्डच्या दुकानात आला. खुंट्यांवर लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात ढोल, आणि बाकावर नाथाजी एकटाच ट्रंपेट पुसत बसलेला.

"मामा, हे बघा."

वस्तू दोन भागांत होती. एक वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात तसा चिमटा, आत रबर लावलेला आणि पाठीवर पावट्याएवढी डबी. दुसरी लहान रेडिओएवढी पेटी; तिच्यावर काचेखाली एक काटा.

"काय हे?"

"सूर मापायचं यंत्र. चिमटा ट्रंपेटच्या पुढच्या रुंद तोंडाला लावायचा. तो हवेतला आवाज घेत नाही, पितळेची थरथर घेतो. शेजारी ताशा वाजू दे, फटाके फुटू दे, त्याला फक्त तुमचा ट्रंपेट कळतो. आणि वायर नाही बघा. रेडिओसारखं हवेतनं ह्या पेटीत येतं. काटा मधोमध म्हणजे सूर बरोबर. डावीकडं म्हणजे उतरला, उजवीकडं म्हणजे चढला."

"म्हंजी मी फुडं वाजवत चालायचं आन् तू मागं गाडीवर बसून बगायचं, मी कवा चुकतोय ते?"

रविराज ओशाळला. "तसं नाही मामा. मला तरी कुठं खात्री आहे? रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. मशीनच बिघडलं असंल तर मालक मला ठेवतील का?"

नाथाजीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. ह्या पोरालाही घोर असेल हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यानं ट्रंपेट पुढं केला. "लाव."

चिमटा त्या रुंद तोंडाच्या काठाला बसला. नाथाजीनं डोळे मिटून सा लावला. भीतभीत, मग छातीभर. काटा थरथरला आणि मधोमध उभा राहिला. पंचम लावला, मधोमध. रविराजनं की-बोर्ड सुरू केला आणि त्याला जोडलेल्या कर्ण्याच्या काठाला चिमटा धरला, तोही मधोमध.

"दोघंबी बरोबर," रविराज म्हणाला. त्याला आनंद व्हावा की बुचकळ्यात पडावं ते कळेना.

नाथाजी मात्र हसला नाही. "खोलीत काय, डाक्टरच्या खोलीतबी माजा कान बरोबरच व्हता. उद्या आटपाडीकडं लगीन हाय. तितं लाव. सबंद वाटंवर लाव. जे काय असंल ते एकदा दिसू दे गड्या. रोज रोज भ्यायचा कटाळा आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोनं मंडळी लग्नाच्या गावी पोचली. मांडवाच्या सावलीत सगळ्यांनी वाद्यं की-बोर्डला जुळवून घेतली. नाथाजीच्या बापजाद्यांचाच म्हणावा असा तो मुलूख. कुसळांचा माळ आणि डोळ्यांवर येणारं ऊन. दुपारी नवरदेव घोड्यावर बसला आणि श्रीवंदनाला निघाला. पुढं नाथाजी, त्याच्या ट्रंपेटवर चिमटा. मागं आकाराम आणि बाकीचे, आणि शेवटी हातगाडीवर रविराज. काट्याची पेटी त्यानं की-बोर्डवर ठेवली होती.

निघाल्यावर थोडा वेळ बरं चाललं. मग गावातली सावली सरली, उघड्या रस्त्यावर पोरं नाचायला लागली म्हणून बॅन्ड तिथंच थांबला, आणि वरून सूर्य नुसता भाजत होता. ट्रंपेटची बटणं बोटांना चटके देऊ लागली. आणि तो खडा दाताखाली आलाच. नाथाजीनं मागं पाहिलं. रविराज मान खाली घालून पेटीकडं बघत वाजवत होता. त्यानं वर पाहिलंच नाही.

मारुतीच्या देवळापाशी नवरदेव उतरून आत गेला. बॅन्ड थांबला. नाथाजी सरळ गाडीपाशी आला.

"सांग."

"चढलाय, मामा. बराच. काटा उजवीकडंच होता."

नाथाजीनं डोक्यावरची टोपी काढली. "बरं झालं. कळलं एकदाचं." त्यानं चिमटा काढून रविराजच्या हातात दिला आणि देवळाच्या बाजूच्या नळाकडं चालू लागला. ओठ पोळले होते, ट्रंपेट हातात धरवत नव्हता. नळाखाली तोंड धुतलं, ट्रंपेटवरही पाण्याची धार सोडली, आणि पिंपळाच्या सावलीत टेकला. मालकाला काय सांगायचं ह्याचे शब्द तो मनात जुळवत होता.

इकडं रविराज चिमटा हातात घेऊन उभा होता. त्याला राहवेना. तो आकारामकडं गेला. "आकारामतात्या, जरा एकट्यानं सूर लावा बघू."

"माजं काय बगतोस? मी न्हेमी नाथाच्या मागनं जातो."

"आता नाथामामा वाजवत नाहीत. तुमच्या मनानं लावा."

आकारामनं युफोनियम फुंकला. काटा उजवीकडं गेला. रविराजनं दुसऱ्या ट्रंपेटवाल्याला बोलावलं. काटा उजवीकडं. क्लॅरिनेटलाही चिमटा लावला, तर तोही थोडा उजवीकडंच.

"आयला," आकाराम म्हणाला, "समद्यांचाच कान गेला व्हय एका दिवसात?"

रविराज धावत पिंपळाखाली आला. "मामा, उठा. परत एकदा वाजवा."

"कशाला?"

"माझ्यासाठी वाजवा."

नाथाजीनं उदास मनानं ट्रंपेट उचलला. पाणी झटकलं, नळीतलं पाणी फुंकून काढलं, आणि सा लावला. रविराज पेटीकडं बघत राहिला. काटा मधोमध उभा होता, हलायचं नाव नाही.

"काय केलं तुम्ही?"

"काय न्हाई. तापला व्हता म्हून पाण्याखाली धरला."

आकारामही रविराजच्या मागोमाग आला होता. तो हातातल्या युफोनियमवर तळहात ठेवू गेला आणि चटका बसून त्यानं हात मागं घेतला. मग त्यानंही तो उचलून नळाखाली धरला, सावलीत आणला आणि चिमटा लावून फुंकला. काटा मधे.

"पितळ तापलं की सूर चढतोय," नाथाजी हळूच म्हणाला. स्वतःशीच बोलावं तसं. "पितळ तापलं, आतला वारा तापला. आन् आदी आमी समदी पितळवाली एकदमच चढायचो. सगळे संगं चढल्यावर कुनाला कळनार? तुजा की-बोर्ड न्हवता तवा बोलनारच कोन व्हतं?"

"आणि की-बोर्ड जिथल्या तिथं राहतो," रविराज म्हणाला. "म्हणून हिवाळ्यात जमतं."

"म्हून वाईला जमलं."

नाथाजी पारावर बसला. म्हणजे कान गेला नव्हता. त्याला खुपत होतं ते खरंच खुपण्यासारखं होतं. कानाला ते बरोबर कळत होतं, म्हणूनच तर खुपत होतं. आणि ह्यात रविराजचा दोष नव्हता, मशीनचा नव्हता, कुणाचाच नव्हता. दोन वर्षांचं मनातलं ओझं असं एका नळाच्या धारेखाली उतरून गेलं. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला एकदम कडकडून भूक लागली. मांडवात उकळणाऱ्या आमटीचा वास इथवर आला होता, आणि आज तो त्याला आल्यासारखा आला.

तेवढ्यात नवरदेव बाहेर आला, करवल्यांनी गलका केला, सगळे आपापल्या जागी धावले. नाथाजीनं धावता धावता मागच्यांना ओरडून सांगितलं, "पुढची नळी जरा बाहेर वढा रं! समदे वढा!" नळी बाहेर ओढली की वाद्य लांब होतं आणि सूर उतरतो, हे प्रत्येक पितळवाल्याला ठाऊक असतं. सगळ्यांनी नळ्या ओढल्या; नळाखाली धरलेली दोन वाद्यंही उन्हात आल्या आल्या परत तापली होती. इकडं रविराजनं विचार केला, की एवढ्या लोकांनी नळ्या ओढण्यापेक्षा मीच वर जातो. आणि त्यानं की-बोर्डच्या मागचं सूर बदलायचं बटण फिरवून आपला सूर चढवला. कुणी कुणाला सांगायला वेळच नव्हता.

पहिला सूर निघाला तो असा भयंकर, की घोडं बुजलं. पितळ खाली आलेली, की-बोर्ड घाईघाईत नको तितका वर गेलेला; आधीच्यापेक्षा दुप्पट अंतर. नवरदेवाच्या मामानं कानावर हात ठेवले. नाथाजी वळला, रविराजनं त्याच्याकडं पाहिलं, आणि दोघांनाही एकदमच उमगलं काय झालं ते. रविराज हसून हसून की-बोर्डवर आडवा पडला. नाथाजीला फुंकता येईना. हसताना ट्रंपेट वाजतच नाही.

"तू गप बस! जिथं व्हतास तिथं जा!" तो हसता हसताच ओरडला. "आमी उतरलोय!"

रविराजनं बटण परत फिरवलं. पुन्हा सूर लागला, आणि ह्या खेपेला तो असा एकजीव लागला की नाचायचं थांबलेली पोरं पुन्हा नाचू लागली. कितीतरी दिवसांनी गाण्याची पहिली ओळ नाथाजीनं स्वतः उचलली. मांडवाच्या दारात उभे असलेले लालासाहेब लांबूनच ऐकत होते. बॅन्ड जवळ आल्यावर ते पुढं आले, आणि घाम पुसायला खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी नाथाजीला दिला. "आज माझ्या वडिलांच्या वेळचा बॅन्ड ऐकला," एवढंच म्हणाले. त्यांना कारण नंतर पंगतीत कळलं. त्या पंगतीत नाथाजी इतकं जेवला, की वाढप्यानं आमटीची बादली त्याच्याजवळच ठेवून दिली.

घरी आल्यावर बयाबाईला त्यानं सगळं सांगितलं. नळ, चिमटा, बुजलेलं घोडं, सगळं. ती ऐकून घेत होती. "म्हंजी कान शाबूत हाय?"

"शाबूत."

"मग त्या कारखान्यावाल्याला उद्याच सांगून या. दुसऱ्याला तरी काम मिळंल." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आन् आता अंगणात बसून वाजवा जरा. शेजारची इचारत्यात."

चिमट्याची बटणाएवढी बॅटरी लगीनसराई संपता संपता संपली. तसली बॅटरी सांगलीतही मिळेना. पण तोवर त्याची गरजही उरली नव्हती. ऊन चढलं की नाथाजीच आधी ओळखायचा, आणि दोघांनी मिळून ठरवलं होतं की उन्हात पितळवाल्यांनी नळी ओढायची आणि रविराजनं बटणाला हात लावायचा नाही.

डिसेंबरात महाबळेश्वरला एका हॉटेलात लग्न होतं. संध्याकाळ, धुकं, आणि बोटं आखडतील अशी थंडी. ह्या वेळी उलटंच झालं. पितळ गार पडली आणि सूर खाली बसला. नळ्या आत ढकलून ढकलून संपल्या तरी कमीच. नाथाजीनं मागं न बघता डावा हात वर केला आणि एक बोट खाली दाखवलं. रविराजनं बटण हळूच फिरवलं आणि की-बोर्ड त्यांच्यापाशी खाली आला. मागं आकाराम कुडकुडत होता, पण सूर जुळले तसं त्यानंही मान डोलावली.

वरात हॉटेलच्या दारात पोचली तेव्हा आतून सगळ्यांसाठी आल्याचा चहा आला. नाथाजीनं ट्रंपेट बगलेत धरला, दोन्ही हातांनी कप घेतला, आणि तो संपल्यावर आणखी एक मागून घेतला.